बाबा आंघोळ करताहेत!

नाही, नाही, हसा तुम्ही... लोकांचं काय जातंय हसायला! चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत, डोक्याला फुलपाखरांच्या क्लिपा, हातात बायकोचा ओला गाऊन, आणि आत दोन पोरी, अशी वेळ तुमच्यावर आली नाही ना, म्हणून हसताय! अहो, मी कपडे वाळत घालायला गेलो होतो. कपडे! सुट्टीच्या दिवशी बापमाणूस सकाळी उठून कपडे वाळत घालतो, तर लोकांनी कौतुक करायला हवं. आणि आमच्या नशिबी काय? समोरच्या इमारतीतून शिट्टी! आता यात माझं चुकलं कुठे, तुम्हीच सांगा!

तुम्हाला सांगतो, मी तसा शांत माणूस. कामच तसलं आहे माझं. कवळ्या बनवतो मी. दातांच्या. डॉक्टर माप पाठवतात, मी मेणात एकेक दात बसवतो, घासतो, चकचकीत करतो. दिवसभर समोर दातच दात, पण बोलत एकही नाही! काय सुख आहे महाराजा! आणि घरी... घरी दोन तोंडं आहेत, त्यांतल्या एकात तर अजून पुरते दात आलेले नाहीत, आणि ती मिटतात ती फक्त झोपेत.

मोठी सात वर्षांची. तिला आम्ही वकीलसाहेब म्हणतो. कारण तिला एकदा एखादी गोष्ट सांगितली की ती दगडावरची रेघ. ‘अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही’ म्हटलं की नाही. ‘गॅसला हात लावायचा नाही’ म्हटलं की नाही. वर विचारणार, ‘बंद गॅसला लावला तर चालेल का?’ धाकटी साडेतीन वर्षांची, ती भिंगरी. तिला काहीही सांगा, कितीही सांगा, हवेत! आणि यांची आई हॉस्पिटलात सिस्टर, त्या दिवशी तिची सकाळची ड्यूटी. जाताना चपला घालता घालता म्हणाली, ‘लक्ष दे हं.’ मी म्हटलं, ‘म्हणजे काय! बाप आहे मी त्यांचा!’

तर सकाळी पार्लर-पार्लर चाललं होतं. गिऱ्हाईक मी. डोक्यात क्लिपा, कपाळाला पावडर. मध्येच वकीलसाहेबांना दूध हवं झालं, म्हणून मी पातेलं गॅसवर ठेवलं, बारीक केला, आणि म्हटलं तापतंय तोवर कपडे टाकून येऊ. गेलो गॅलरीत, दार ओढून घेतलं, आणि मागून भिंगरीचा आवाज, ‘पार्लर बंद! उद्या या!’ आणि... खर्रर्र.

खालचा बोल्ट!

आता हे दार कसं आहे, तुम्हाला सांगतो, म्हणजे तुमच्या लक्षात येईल. खाली अर्धी लाकडी फळी, वर काच. बोल्ट अगदी तळाशी, आतून. आणि दार फुगलेलं. लावताना बोल्ट लोण्यासारखा जातो, काढताना दोन माणसं लागतात, एकाने दार ओढून धरायचं, दुसऱ्याने सरकवायचं. मी किती दिवस म्हणतोय, सुताराला बोलवू, सुताराला बोलवू... असो.

पहिल्यांदा मी हसलोच. ‘उघड गं राणी.’ आतून, ‘बंद आहे!’ ‘अगं, गिऱ्हाईक आत यायचंय.’ ‘उद्या या!’ मग वकीलसाहेब आल्या, खाली बसल्या, खटपट केली, काचेत डोकं वर आलं. ‘बाबा, निघत नाही. जाम आहे.’ आणि तिच्या डोक्यावरून मला सरळ स्वयंपाकघर दिसत होतं. ओटा, शेगडी, शेगडीवर पातेलं. आणि पातेल्यातलं दूध... वर येत होतं.

हातातला गाऊन तसाच राहिला हो. तुम्ही कधी दूध वर येताना बघितलंय, आणि तुमचा हात तिथे पोचत नाहीये? मोबाइल कुठे? तोही ओट्यावर, पातेल्याच्या शेजारी! दूध वर आलं, काठाशी थबकलं, आणि भस्सकन खाली. आणि निळी ज्योत दिसत होती ना, ती गेली. विझली. म्हणजे आता गॅस नुसता बाहेर येत होता!

मी ओरडलो. जिवाच्या आकांताने ओरडलो. ‘भिंगरे! बघ काय केलंस! सगळं तुझ्यामुळे!’ ओरडायचं नव्हतं मला. साडेतीन वर्षांचं लेकरू ते. पण तोंडातून गेलं. आणि मग मोठीला, ‘पळ! ओट्याखाली सिलिंडर आहे, त्याच्यावरचं बटण फिरव, बंद कर!’

ही उभीच.

‘बाबा, गॅसला हात लावायचा नाही.’

‘अगं, मी सांगतोय!’

‘तुम्हीच सांगितलंय. कोणीही सांगितलं तरी लावायचा नाही, असं सांगितलंय.’

आता यात माझं चुकलं कुठे, तुम्हीच सांगा! मी म्हटलं, ‘तो नियम मी रद्द करतो!’ तर ही विचारते, ‘कायमचा की आजच्यापुरता?’ तिकडे गॅस सुटलाय, इकडे युक्तिवाद चाललाय! ‘आजच्यापुरता! आणि दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, काही पेटवायचं नाही, नुसतं फिरवायचं आणि धावत यायचं!’

गेली. ओट्याखाली वाकली, आत शिरली, आणि मला दिसेनाशी झाली. नुसती पावलं दिसत होती. एका पायात मोजा, एक पाय उघडा. तुम्हाला सांगतो, मी त्या उघड्या पावलाकडे बघत उभा होतो, आणि माझ्या मनात जे जे येत होतं ते मी तुम्हाला सांगणार नाही. मी पोरीला त्या गॅसमध्ये पाठवलं होतं. मी. बापाने. नसतं पाठवलं तर? तर दोघी त्याच घरात होत्या. पाठवलं तरी तेच, नाही पाठवलं तरी तेच... खिडकी उघडी होती, एवढंच काय ते नशीब. आणि आतून तिचा आवाज, ‘कुठल्या बाजूला?’ मला आठवेना! रोज फिरवतो मी ते बटण! हवेत हात फिरवून बघितला, हा असा, आणि म्हटलं, ‘घड्याळासारखं!’ ‘घड्याळ कसं फिरतं?’ ‘अगं, दाराकडून खिडकीकडे!’

खट्ट.

‘झालं!’ म्हणत आली धावत. मी विचारलं, ‘वास येतोय?’ ‘येतोय. थोडा.’ बरं. म्हटलं, आता भिंगरीला घे आणि इथे माझ्यासमोर दोघी उभ्या राहा.

‘भिंगरी कुठंय?’

अहो, भिंगरी कुठंय!

हाका मारल्या. उत्तर नाही. जी पोरगी दात घासतानासुद्धा बोलते, तिचा आवाज नाही. पोरांचा आवाज असतो ना, तेव्हा आपण कावतो, गप्प बसा, गप्प बसा. आणि गप्प बसली की त्याच आवाजासाठी कान टवकारतो... मला एकदम न्हाणीघर आठवलं. बादली! दुसऱ्या खेपेचे कपडे भिजवून भरलेली मोठी बादली तिथे ठेवून आलो होतो मी. आणि तिला पाण्यात खेळायचा भारी नाद. ‘पळ, न्हाणीघरात बघ!’ ती गेली, आली. ‘नाही.’ ‘पलंगाखाली?’ ‘नाही.’ ‘कपाटात?’ ‘नाही.’ ‘ओट्यावर? खिडकीत?’ खिडकीला जाळी आहे हो, मीच उभं राहून बसवून घेतलीय. पण त्या क्षणी जाळीबिळी काही आठवत नाही माणसाला. ‘नाही, बाबा. कुठेच नाही.’ आणि आता वकीलसाहेबांचाही ओठ थरथरायला लागला. मी म्हटलं, ‘तू इथेच थांब. माझ्या डोळ्यांसमोर. इथून हलायचं नाही!’

एवढ्यात शिट्टी! समोरच्या इमारतीत एक निवृत्त पीटी मास्तर राहतात, रोज सकाळी गॅलरीत कसरत करतात, गळ्यात शिट्टी अजून तशीच. ‘काय झालं हो, क्लिपवाले?’ मी सांगितलं, कसंबसं. मास्तर म्हणाले, ‘विचार काय करताय! काच फोडा! कुंडी उचला! मी तुमच्या शेजारणीला हाक मारतो!’

उचलली कुंडी. जड होती, मातीची. डोक्यावर घेतली आणि ओरडलो, ‘वकीलसाहेब, मागे हो!’

ही हलेना!

‘मागे हो म्हणतो ना!’

‘आत्ताच म्हणालात, हलायचं नाही.’

‘आता म्हणतोय, हल!’

‘मग आधी का म्हणालात?’

डोळ्यांत पाणी, नाक वाहतंय, पण पाय जमिनीला चिकटलेले! मास्तर तिकडून, ‘तीन म्हटलं की फोडा! एक!’ माझे हात भरून आलेले, ‘दोन!’ मी रडकुंडीला, ‘अगं बाई, हो ना मागे, तुझ्या पाया पडतो!’ आणि... ट्रिंगगग!

दाराची बेल.

लगेच वकीलसाहेब दाराकडे. बेल वाजल्यावर बरं हलायचं चालतं! मी कुंडी खाली ठेवली आणि कान लावला. बाहेरून शेजारच्या काकू, ‘अगं, उघड गं, मी आहे!’ आणि आमची कन्या काय म्हणाली असेल?

‘बाबा आंघोळ करताहेत!’

कारण शिकवलंय ना मी! घरात मोठं माणूस नसलं तर तसं सांगायचं नाही, बाबा आंघोळ करताहेत म्हणायचं! काकू म्हणाल्या, ‘कसली आंघोळ? तुझा बाप गॅलरीत बोंबलतोय!’ तर ही, ‘शब्द सांगा.’ ‘कसला शब्द?’ ‘परवलीचा.’ आणि परत आली माझ्याकडे, शांतपणे. ‘बाबा, काकूंना शब्द येत नाही.’ मी म्हटलं, ‘उघड गं, मी सांगतो ना!’ ‘तुम्ही सांगून काय उपयोग? त्यांना यायला हवा.’

आता तो शब्द. ओळखीचं माणूस असलं तरी तो विचारल्याशिवाय दार उघडायचं नाही, हाही माझाच नियम! तुम्हाला सांगतो, तो शब्द या दोघींनी मिळून ठरवला होता, आणि मी हसत हसत हो म्हटलं होतं. कुणाला सुचणार नाही असा हवा ना? मग काय, वळलो, कठडा धरला, आणि चारही इमारतींना ऐकू जाईल असं ओरडलो, ‘काकू! बाबा घोरतात म्हशीसारखे!’ काकूंना ऐकू जाईना. मग मास्तरांनी घेतलं ते. मैदानावरचा आवाज तो! ‘बाबा! घोरतात! म्हशी! सारखे!’ खालच्या रस्त्यावर एक बाई पिशवी घेऊन चालली होती, ती थांबून वर बघायला लागली. शेवटी जिन्यातून काकूंचा आवाज आला, ‘बाबा घोरतात म्हशीसारखे, आता तरी उघड गं बाई!’

उघडलं.

काकू आल्या, गुडघे धरत, नाकाला पदर लावत. ‘धाकटी कुठंय?’ मी नुसती मान हलवली. काकूंनी खोलीभर नजर फिरवली, आणि गॅलरीच्या दाराशी येऊन थांबल्या. दाराच्या कडेला पडदा असतो ना, जमिनीपर्यंत, एका बाजूला गोळा करून ठेवलेला... ‘अहो,’ काकू म्हणाल्या, ‘हा पडदा हलतोय.’

बाजूला केला.

आत ती होती. तळाशी, फळीला चिकटून बसलेली, दोन्ही हातांनी बोल्ट धरून. एक शब्द न बोलता ओढत होती. मी ओरडलो ना तिच्यावर, तेव्हापासून. मी हाका मारतोय, घर पालथं घालायला लावतोय, आणि ती माझ्या पायापाशी, मध्ये एवढीशी फळी, आवाज न करता रडतेय आणि ओढतेय. बोटं लालभडक. मला वरून दिसायची सोय नव्हती. वर काच. आणि त्या काचेवर मी कुंडी...

तुम्हाला सांगतो, मी त्या ओल्या कपड्यांत बसलो खाली. काच फुटली असती तर सगळी तिच्या डोक्यावर. आणि का नाही फुटली? मोठी वाद घालत बसली म्हणून.

काकूंना वाकता येईना. त्या म्हणाल्या, ‘अहो, तुम्ही बाहेरून ओढा. आणि भिंगरे, तू सरकव. येतं तुला.’ एवढं साधं मला इतका वेळ सुचलं नव्हतं! मी कडी धरून ओढलं दार, अंगात होतं नव्हतं तेवढं लावून. आणि फळीपलीकडून, खर्रर्र.

दार उघडलं तर पोरगी तशीच बसलेली. वर बघून म्हणते, ‘निघत नव्हतं, बाबा.’ मी तिला उचललं. मोठीपण येऊन चिकटली, आणि इतका वेळ कायदा सांगणारी बया भोकाड पसरून रडायला लागली. तिघंही रडत होतो. मास्तरांनी तिकडून शिट्टी वाजवली, एकदाच, लांब. काकू दारं-खिडक्या उघडत फिरत होत्या, आणि म्हणाल्या, ‘ते सगळं ठीक आहे हो, पण आता त्या क्लिपा तरी काढा!’

दुपारी बायको आली. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती ऐकून घेते नेहमी, सिस्टर ना. भिंगरीची बोटं बघितली, मलम लावलं, मोठीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग उठली, पाणी प्यायली. म्हणाली एवढंच, ‘सुताराला फोन कर.’ आता यात माझं... जाऊ द्या. त्या वेळी मी नाही विचारलं कुणाला.

संध्याकाळीच सुतार आला, बोल्ट काढला, वर लावला, माझाही हात टाचा उंचावून पोचेल असा. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टॉवेल घेऊन गॅलरीकडे निघालो, तर वकीलसाहेब दारात आडव्या.

‘बाबा, लहान माणसांनी एकट्याने गॅलरीत जायचं नाही.’

मी म्हटलं, ‘अगं, मी लहान आहे का?’

तिने नीट विचार केला. घाई नाही तिला कधी. म्हणाली, ‘काल तुम्हीच जास्त रडलात.’

आणि बोट पुढे केलं.

काय करणार? धरलं. गेलो.