धरणाऱ्यानं हात उचलायचा नाही

नाही, ती कडी आतून लागत नाही – बाहेरूनच. संडासालासुद्धा आतून कडी नाही, तेव्हा उगाच दार खडखडवू नकोस, हात दुखेल. बस. बस म्हणतोय ना! हां. पलंगही हलत नाही, जमिनीला बोल्ट मारलेत – मी आलो त्या दिवशी उचलून फेकायला गेलो होतो, नुसती कंबर धरली. पट्टा घेतला ना खाली? बुटांच्या नाड्या? दाढीचं सामान? सेंटची बाटली काढून घेतली तेव्हा तुला वाटलं असेल, चोर आहेत लेकाचे – चोर नाहीत रे, इथं दारू सोडवायला आणलेल्या लोकांनी सेंट प्यायलंय, खोकल्याच्या औषधाचं तर विचारूच नकोस. आरसा बघ, पत्र्याचा आहे, तोंड वाकडं दिसतं. तुझं तसंही वाकडंच आहे आज. नाही हसलास तरी चालेल, मला काय – तुला सगळं समजावून सांगायचं काम माझ्याकडे दिलंय म्हणून सांगतोय. हो, माझ्याकडे. अख्ख्या इमारतीत दुसरा माणूस नव्हता, भाऊजीच सापडले! दोन महिन्यांपूर्वी ज्या भाऊजीला दोरीनं बांधून, टेम्पोत घालून इथं आणून टाकलंस, आणि वर समोरचे दात पाडलेस – हे बघ, इथले – तोच भाऊजी आता तुझी उशी सरळ करतोय. काय नशीब असतं बघ, साल्या. शिवी नाही दिली, नातं आहे आपलं.

तर ऐक. काल रात्री घेतली असशील शेवटची – आज सकाळची? बरं, आज सकाळची. मग संध्याकाळी हात थरथरायला लागतील, घाम फुटेल, पाणी प्यायलास की उलटी होईल, तरी प्यायचं. सिस्टर गोळी देईल, ती जिभेखाली लपवायची नाही, ती तोंड उघडून बघते, बोट घालून बघते – मी चावलो होतो तिला, अजून वण आहे, अजून मला मेल्या म्हणते. डॉक्टर सुई टोचेल. उद्या-परवा खरी मजा. अंगावर मुंग्या चढतील. मुंग्या नसतात, पण चढतात – मी माझी मांडी नखांनी सोलली होती. भिंतीतून माणसं येतील, तुला ओळखीची वाटतील, मारायला उठशील त्यांना. तेव्हा माणूस लागतो. इथं बांधत नाहीत, इथं माणूस माणसाला धरतो. असा, मागून, दोन्ही हात छातीवर, आणि सोडायचं नाही – तो लाथा मारो, थुंको, आई-बहीण काढो. मला धरलं होतं एका शाळामास्तरनं. किडकिडीत माणूस, मी त्याचं नाक फोडलं, रक्त माझ्या मानेवर गळत होतं आणि हा बाबा मला म्हणतो, झालं, झालं, आता होईल. सोडलं नाही त्यानं. आणि धरणाऱ्याला एकच नियम – हात उचलायचा नाही. उचलला की त्याची सुट्टी रद्द, पुन्हा पहिल्यापासून. माझी सुट्टी शनिवारी आहे, घरी सोडणार. म्हणून म्हणतो, तू मला मारू शकतोस, मी तुला मारू शकत नाही. खूश?

खिडकीकडे कशाला बघतोस, ती जाळी निघणार नाही. आधी कच्चं काम होतं, दोन टाके नुसते चिकटवलेले, मी आल्या आल्या हेरून ठेवलं होतं – मी ग्रिलं बनवणारा माणूस, मला कळणार नाही? एका रात्रीत गेलो असतो पळून. पण मग एकदा मॅडम म्हणाल्या, तुम्हाला वेल्डिंग येतं ना, तेवढी जाळी पक्की करून द्या. दिली! स्वतःच्या हातानं. मॅडम म्हणजे त्या गोलात बसवणाऱ्या – रोज खुर्च्या गोल मांडायच्या आणि आपण काय काय केलं ते बोलायचं. तुला वाटेल सोपं आहे. मी पहिल्यांदा म्हणालो, दारूमुळे घरात जरा भांडणं झाली. मॅडम म्हणाल्या, दारूमुळे नाही. कोणी केली? मी म्हणालो, झाली. कोणी केली? असं आठवडाभर. शेवटी खुर्ची उचलली मी त्यांच्यावर. त्या बसून राहिल्या. म्हणाल्या, खुर्ची कोणी उचलली? मी उचलली म्हणालो. मग म्हणाल्या, आता पुढचं सांगा.

पुढचं म्हणजे तिचं. तुझ्या बहिणीचं. तुला माहीतच आहे, त्यावरूनच तर माझे दात पाडलेस – तिचा डावा कान. एक थप्पड नव्हती ती, वर्षानुवर्षं एकाच बाजूला, मी उजव्या हाताचा, तिचा गाल डावा, पडदा किती वेळा फाटणार आणि किती वेळा जुळणार? गेला कायमचा. घरात भांडं पडलं तरी दचकून भिंतीला चिकटायची. बोलताना उजवी बाजू पुढे करायची, भाजीवाल्याला वाटायचं ही तोंड फिरवते. तू आलास त्या दिवशी, माझ्या छातीवर बसलास, ठोसा मारलास आणि काय म्हणालास, आठवतंय? "पुन्हा माझ्या ताईला हात लावलास तर हात मुळापासून उपटीन." आणि मध्ये कोण पडलं? तीच. रडत होती, तुझं मनगट धरून, सोड त्यांना, मरतील ते. मरू दे म्हणालास. तेव्हाही तुझ्या तोंडाला वास होता. मला तेव्हा वाटलं, मारतोय तो बरोबर मारतोय. खरंच वाटलं. तू माझ्यापेक्षा चांगला माणूस आहेस असं वाटलं मला.

पाणी पी. धर, मी धरतो ग्लास, सांडतोयस सगळं.

आता सकाळचं सांगतो, तुला काही कळत नव्हतं, तू टेम्पोत आडवा होतास आणि वॉर्डबॉय तुला ओढत होते. मी पायऱ्या पुसत होतो. ती काउंटरवर पाठमोरी उभी. दोन महिने मी त्या पत्र्याच्या आरशासमोर एकच बोलणं पाठ केलं होतं. मॅडमनी करून घेतलं होतं – दारूनं नाही, मी. मी तुला मारलं. मी तुझा कान घालवला. माफ कर म्हणत नाही, पण मला माहीत आहे, मी केलं. शनिवारी बोलायचं होतं, पण ती समोर दिसली आणि मला थांबवेना. फडकं हातात तसंच, बोललो सगळं, तिच्या पाठीला. आवाज फाटला माझा. ती वळलीच नाही. मी म्हटलं, बरोबर आहे, का वळावं तिनं? उभा राहिलो. एवढ्यात मागे वॉर्डबॉयच्या हातून लोखंडी बादली सुटली, पायऱ्यांवरून गडगडत खाली. सगळे दचकले – मॅडम, काउंटरवरचा माणूस, मी. ती नाही. ती तशीच सही करत होती. भांड्याच्या आवाजानं भिंतीला चिकटणारी बाई, ती सही करत होती.

मग वळली. उजव्या कानात कापूस. गाल काळानिळा, आणि चार बोटं – मोजता येत होती. मला बघितलं आणि म्हणाली, "जेवलात का?" एवढ्या मोठ्यानं, की सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. तिला तिचाच आवाज येत नाही रे. मॅडमनी खूण करून विचारलं, कोणी मारलं? तर ओरडून म्हणते, पडले. माझ्या वेळीही ती पडलीच होती. डॉक्टर म्हणालेत, येईल कदाचित थोडं ऐकायला, कदाचित नाही येणार. आणि मी काय केलं? मान हलवली. दोन महिन्यांची तयारी, आणि मान हलवली – हो, जेवलो.

नाही, खाली मान घालू नकोस. माझ्याकडे बघ! तू डावखुरा आहेस, माहीत होतं मला, पण असं काही डोक्यातच आलं नाही कधी. एक बाजू मी घेतली, एक तू. मॅडमनी विचारलं, तुमचे मेहुणे आलेत, धराल का? मी लगेच हो म्हणालो. का म्हणालो, माहीत आहे? चांगुलपणानं नाही. बंद खोली, कडी बाहेरून, आणि तुझं डोकं – या बोल्टवर, या इथल्या, एकदा नाही, तू शुद्धीत असेपर्यंत. सुट्टी गेली तर गेली. जिन्यावरून येताना सगळं ठरलं होतं माझं. तू कितीही ओरडलास तरी यावेळी मध्ये पडायला ती येणार नव्हती. ती खाली अंगणात बाकावर बसलीय, ऐकूच जाणार नाही तिला. तूच केलीस ना तशी सोय? तूच केलीस. दारूनं नाही. तू. बोल, कोणी केलं? कोणी केलं, बोल –

आ! – हरामखोरा, हेच तोंड सापडतं तुला दरवेळी? ये. ये, ये अजून. मार. नाहीतरी दात उरलेत कुठे तिकडे – आता बघ तू, आता बघच, तुझी मान –

थांब.

थांब म्हणतो ना, हात तसाच ठेव. खाली बघ. जाळीतून. बाकावर. वर बघतेय ती. ऐकू येत नाही तिला, पण दिसतंय. तुझी मूठ दिसतेय, माझीही दिसतेय. काही ओरडत नाहीये, बघ, नुसती उठून उभी राहिलीय आणि दोन्ही हात कानांवर घेतलेत. आता कशाला घेतेस गं –

खाली घे हात. मीही घेतो. हा बघ, घेतला. आता वळ, पाठ कर माझ्याकडे. असं. रड, थुंक, काय करायचं ते कर, सोडत नाही मी. तिच्याकडे तोंड करूनच उभे राहू दोघं, दिसू दे तिला. आणि गप्प बस आता. मीही बोलत नाही.