बंद नाही करणार

—हात काढा. चावीवरून हात काढा आधी! अर्धा तास गाडी दामटून आणलीत, चढावरचा आवाज इथवर आला, आणि आल्या आल्या बंद करताय? राहू दे चालू. दोन-तीन मिनिटं नुसती घुरघुरू दे. पेट्रोल जळतंय? जळू दे, मालकांचं जळतंय. मालक म्हणजे माझे बाबा — त्या काचेच्या केबिनमध्ये फोन कानाला लावून बसलेत ना, ते. फोनवर कोणी नाहीये. गिऱ्हाईक आलं की लावतात, धंदा जोरात वाटावा म्हणून. जुन्या गाड्यांच्या या यार्डात त्यांना बाबा म्हणायचं नाही, मालक म्हणायचं. नियम आहे त्यांचा.

तुम्ही काय काय बघितलंत? सीटचं लेदर बघितलंत, टायर बघितले, रंगावरून हात फिरवलात. टर्बो? नाही ना. पन्नाशीत वेगाची हौस येते आणि बॉनेटखाली वाकायला कंबर नको म्हणते — रागावू नका, खरं तेच बोलतोय. टर्बो म्हणजे काय हे कॉलेजात दोन वर्षं मला कोणी समजेल असं सांगितलं नाही, म्हणून मी कॉलेज सोडलं. — बरं, नापास झालो म्हणून सोडलं. तुम्ही पण ना, अगदी मालकांसारखे बघता! इथे सुट्टीत स्वतः खोलून बघितला तेव्हा कळला. मुठीएवढं चाक, इंजिनाच्या गरम धुरावर मिनिटाला लाखभर फेरे घेतं, आणि त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेल वाहतंय तोवर ठीक. इंजिन बंद केलं की तेल जागच्या जागी थांबतं, आणि दांडा तर तापून लाल झालेला — आतल्या आत तेलाचा कोळसा होतो. म्हणून बंद करायच्या आधी थोडं थांबायचं असतं. एवढंच. कुणालाही जमेल. पण मोठ्या माणसांना थांबायला सांगणार कोण?

चढावर शिट्टी ऐकलीत ना, बारीक? तुम्हाला वाटलं ताकद. ताकद कसली, टर्बोचं चाक घासतंय कडेला. आणि तुम्ही आलात तेव्हा गाडी आधीच गरम होती, आठवतंय? मी तापवली होती. गिऱ्हाईक यायच्या अर्धा तास आधी तापवून ठेव — हा दुसरा नियम. गार असताना सुरू केली तर मागून जळक्या तेलाचा निळा धूर येतो, असा की शेजारचा लाँड्रीवाला वाळत घातलेल्या चादरी आत नेतो. तापली की धूर दिसत नाही, गाडी अगदी शहाण्या मुलासारखी वागते.

आधीच्या मालकिणीने वाट लावली असं तुम्हाला वाटेल. साफ चूक. दाताच्या डॉक्टर होत्या त्या, चालू असलेलं गाणं संपल्याशिवाय इंजिन बंद करायच्या नाहीत. गाडी इथे आली तेव्हा घड्याळासारखी चालत होती. मग? मग माझा कॉलेजचा निकाल लागला. मी चावी उचलली आणि दीड तास गाडी पिळून काढली. परत आलो तर बाबा फाटकात उभे. चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "बंद कर ती! एवढं तरी जमेल ना तुला?" मला माहीत होतं, थांबायला हवं. सगळं माहीत होतं. केली बंद. जन्मात पहिल्यांदा त्यांचं मुकाट्याने ऐकलं. आत बसून राहिलो, लोखंड निवताना टिक-टिक वाजत होतं, आणि मला बरं वाटत होतं — फार बरं. आणि एकदाच नाही. पुढे दोन महिने रोज. गाडी फिरवून आणायचं काम माझंच होतं. पिळायची, आणायची, फटकन बंद. त्यांनी सांगितलं होतं ना बंद कर म्हणून? केली.

—हे बोलायचं नव्हतं मला. बघू नका असं. त्यांना आवाजावरून कळलंय कधीचंच, पण एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं तर स्वतः काय बोलले तेही निघेल ना! त्यापेक्षा तापवून तुमच्या गळ्यात मारणं सोपं. आज सकाळी म्हणाले, "ही गाडी आज गेली नाही, तर उद्यापासून यार्डात तू दिसायचं नाहीस." चालेल. नाही दिसणार.

आले बघा केबिनमधून बाहेर. फोन विसरले वाटतं टेबलावर. ऐकलंत? ओरडतायत — बंद कर म्हणे.

नाही मालक! ... नाही बाबा, बंद नाही करणार! अजून एक मिनिट आहे!

आणि तुम्ही उभे काय? निघा. घ्यायचीच असेल तर उद्या सकाळी या, फोन न करता. आधी बॉनेटवर हात ठेवा, गार लागलं तरच चावी फिरवा. मी नसेन, धूर असेल. जा म्हणतो ना!