सत्तर सालच्या गाडीचं कुलूप

"हॅलो?... हो, कुबिचेकच... हो हो, जुन्या गाड्यांचं आवार, तेच. जरा मोठ्याने बोला हं, वारा सुटलाय इथे, पत्रे नुसते थडाथडा वाजतायत."

अर्लीनने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि कोलाचेंच्या, म्हणजे चेक पद्धतीच्या गोड पावांच्या, खळग्यांत खसखशीचं सारण भरायचं काम चालूच ठेवलं. नेब्रास्कातल्या त्या माळावर घरामागे तिच्या वडिलांनी, लुमिरने, आयुष्यभर मोडक्या गाड्या गोळा केल्या होत्या. आता लुमिर नव्वदीपार गेला होता, डोळ्यांनी अधू झाला होता, आणि आवार अर्लीन सांभाळत होती. तिचीही साठी कधीच उलटलेली.

"गाडी कुठली?... जीटीओ. साल?... सत्तर, बरं. हवंय काय?... स्टिअरिंगचा दांडा. अख्खा? कुलपासकट?... थांबा, थांबा. आधी सांगा, गिअर कुठेय? खाली जमिनीवर की दांड्यावर?... जमिनीवर. क्लचवाली. मग दांड्यावर गिअर असलेला चालायचा नाही तुम्हाला... कॅटलॉगमधून मागवलात? अरे देवा! आणि बसला नाही... हो ना, ते लिहितातच 'हमखास बसेल'. बसतो की. हातोडा घेतला की सगळं बसतं."

पलीकडची बाई हसली असावी, कारण अर्लीनही हसली.

"नाव काय म्हणालात?... टेसा. मिसूरीहून. आणि करता काय?... शाळेत वेल्डिंग शिकवतेस? अगं, मग मी 'अहो-जाहो' काय करत बसलेय! पोरगी आहेस तू... हो, आहे माझ्याकडे. सत्तरचीच लेमान्स आहे, जीटीओचीच बहीण, मागून ठोकलेली, पुढचं सगळं शाबूत... तोच गं, तोच दांडा, तेच कुलूप. एकाहत्तरचा दिसतो तसाच, पण तो नको घेऊस, आतून वेगळा... हो, मी स्वतः काढून देईन. पण तुझ्या दांड्याला झालंय काय?... फोडलंय? कुणी?... तसं होय. म्हणजे चोरीची असणार. त्या काळात नेत असत अशा गाड्या. तुला कुठे मिळाली?... गवताच्या कोठारात. मालक?... वारला. पुतण्याने विकली. कागद हरवले म्हणाला? हं. असं सगळेच म्हणतात."

तिने खसखशीचा चमचा चाटला.

"आणखी काही?... क्लचचं पेडल? ते कशाला गं? पेडल कधी मोडत नाही... भोकं पाडलीत? पेडलला?... कशासाठी?... काय म्हणालीस? लाकडाचा ठोकळा?"

चमचा भांड्यात पडला.

"नाही, नाही, इथेच आहे मी... कुणा येड्याने लावलाय म्हणतेस. हं... टेसा, जरा थांब. तू बोलू नकोस, मी विचारते. त्या ठोकळ्यावर रबर आहे का? लाल? लहान पोरांच्या गमबुटाच्या तळव्यासारखं, आडव्या रेघांचं?"

 नुसता वारा ऐकू येत होता, इकडचा की तिकडचा कोण जाणे.

"मला कसं माहीत? अगं, तो येडा म्हणजे माझा बाप."

ती जवळच्या स्टुलावर बसली. हात पिठाचे होते ते तिने तसेच मांडीवर ठेवले.

"अगं ऐक ना... हो, सांगते. माझी आई बुटकी होती. हौसेने बाबांनी ती गाडी घेतली, पण चालवायची आईच. बाबांपेक्षा जोरात हाकायची, चर्चला जाताना आम्ही मागे डोळे मिटून बसायचो. क्लचपर्यंत पाय पोचायचा नाही तिचा. म्हणून बाबांनी ओकचा ठोकळा बसवला, आणि पाय सटकू नये म्हणून वर डेल्मरच्या गमबुटाचा तळवा ठोकला. डेल्मर माझा भाऊ... हो, धाकटा... कुठेय तो ठोकळा?... भंगाराच्या पिंपात टाकलास? मग काढ. आत्ता काढ, मी थांबते."

ती थांबली. आणि थांबता थांबता तिला ते सगळं आठवलं, जे ह्या घरात कुणी बोलत नसे.

डेल्मर एकोणीस वर्षांचा होता. ओमाहाला मित्राकडे जातो म्हणून आईची गाडी घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी बसने परत आला. गाडी चोरीला गेली म्हणाला, आणि खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. लुमिरने किल्लीकडे पाहिलं, मग पोराकडे. त्या गाडीला तेव्हाचं नवं कुलूप होतं. किल्ली काढली की स्टिअरिंगच जाम. किल्लीवाचून गाडी जाईलच कशी? "दुसरी किल्ली करवलीस आणि विकलीस," लुमिर म्हणाला. "सांगून टाक. मारणार नाही मी." डेल्मरने काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतंच. पोरगा तुरुंगात जाईल ह्या भीतीने लुमिर पोलिसांतही गेला नाही, आणि आपण त्याला वाचवला ह्याच समजुतीवर पुढची सगळी वर्षं जगला. डेल्मर वायोमिंगला गेला, तिथल्या खाणीत लागला, तिथेच संसार केला. आईच्या दफनाला आला तेव्हाही बापलेक कबरीच्या दोन बाजूंना उभे होते. अर्लीनचा भावावर विश्वास होता. पण नुसत्या विश्वासाने लुमिरसारखा माणूस हलत नाही. तो लोखंडाचं ऐकतो, माणसांचं नाही.

"हॅलो, हां... सापडला? लाल आहे ना?... आहे." तिने डोळे पुसले, तर पीठ गालाला लागलं. "नाही गं, ठीक आहे मी... काय?... अगं नाही! गाडी परत मागायला नाही मी हे सांगत. घाबरू नकोस... किती वर्षं खपते आहेस तिच्यासाठी... हो, कळतं मला. ऐक, मला वेगळंच हवंय. तो पुतण्या काय म्हणाला होता? काका कुणाकडून घेऊन आला?... ओमाहाची दोन माणसं. कुलूप आधीच फोडलेलं?... आणि काकाने भीतीने ती कधी रस्त्यावर काढलीच नाही... बरोबर. चोरीची आहे हे कळलं असणार त्याला... टेसा, हे सगळं तू माझ्या वडिलांना सांगशील?... नाही, ओरडणार नाहीत. म्हणजे ओरडतील, पण तुझ्यावर नाही... गाडीजवळ उभी आहेस ना? तशीच उभी राहा."

लुमिर खिडकीपाशी बसून डब्यातले बोल्ट बोटांनी चाचपून वेगळे करत होता. अर्लीनने फोनची लांब वायर ओढत त्याच्यापर्यंत नेली.

"बाबा, आईची गाडी सापडली. मिसूरीत. ठोकळ्यासकट."

लुमिरचा हात डब्यातच राहिला. मग त्याने फोन घेतला.

"कोण बोलतंय?... मास्तरीण. हं... ठोकळा राहू दे. कुलूप कसंय?... 'फोडलंय' म्हणजे काय? फोडलंय तर कुठून फोडलंय? असं नको सांगूस. बोटाने चाचप आणि मग सांग. मला घाई नाही."

तो थांबला. त्याची बोटं पायजम्याच्या गुडघ्यावर अशी फिरत होती, जणू तो दांडा त्याच्याच मांडीवर ठेवलाय.

"डावीकडून. पत्रा आत वळलाय का बाहेर?... आत. बरं. त्याच्या खाली एक दातेरी तुकडा असतो... अर्धाच आहे? उरलेला?... खाली पडलेला नाही. हं. स्टिअरिंगच्या चाकाच्या बुडाशी बघ, पहारीचे वळ आहेत?... खोल?... म्हणजे जोर लावून मोडलंय. रेटून रेटून... आता किल्लीचं भोक. तिथे ओरखडे?... नीट बघ, पोरी, उजेड घे... एकही नाही."

गुडघ्यावरची बोटं थांबली. अर्लीनने त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"ऐकतोय मी," तो म्हणाला. "किल्ली असलेला माणूस पहार कशाला घेईल... नाही, तुला नाही विचारलं... गाडी? गाडी तुझी. मला रस्ता दिसत नाही, मी काय करू तिचं? भोकं बुजवू नकोस मात्र. बुजवायचीच असतील तर बुजव, तुझी मर्जी... तुझी उंची किती?... मग तुला ठोकळा लागायचा नाही. माझी बायको तुझ्या खांद्याइतकी होती... हं... हं. बरं."

त्याने फोन अर्लीनच्या हाती दिला आणि उठला. उठताना बोल्टांचा डबा कलंडला, तरी त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"हॅलो, टेसा?... हो, मीच परत... नाही, रडतबिडत नाहीत. उभे आहेत नुसते, भिंतीला हात लावून... नाही गं, तू काही वाईट नाही केलंस. तुला काय सांगू तू काय केलंस ते... हो, डेल्मर आहे ना. आहे, वायोमिंगला. नाताळात फोन करतो. बाबा 'बरा आहेस? बरं' म्हणतात आणि फोन माझ्याकडे देतात... हो, एवढंच... दांडा? पाठवते ना, उद्याच काढते. लाकडी पेटीत घालून पाठवीन, नाहीतर वाटेत आपटतात मेले... आणि मोडका मला पाठव तू. हो, तो फुटकाच. बाबांना हाताने बघू दे... पत्ता सांग. थांब, पेन घेते... हां, सांग... ओकवुड... बरं, पुढे?"

"फोन ठेव," लुमिर म्हणाला.

"बाबा, पत्ता घेतेय."

"नंतर घे. ठेव आता."

"अहो, पण अर्धाच झालाय..."

"मला लावायचाय."

अर्लीन त्याच्याकडे बघत राहिली. ह्या घरातून लुमिरने वायोमिंगला फोन लावल्याचं तिने कधी पाहिलं नव्हतं. फोन तिकडून यायचा, आणि तोही तिलाच.

"नंबर फ्रिजवर लावलाय, बाबा. मी फिरवून देते, तुम्हाला दिसायचा नाही."

"पाठ आहे मला," लुमिर म्हणाला, आणि हात पुढे केला.

"टेसा... हो, हो... अगं ऐक ना, तू उरलेलं उद्या सांग. नाही, काही झालं नाही... ठेवते मी. बाबांना फोन हवाय."