सहा महिन्यांत वांझ

माझं माहेर मार्गासनीचं, आणि सासर हे असं वर, हिर्डोशीच्या अंगाला, जिथं एसटी आली तर आली, न्हाईतर चाला. लग्नात आईनं भांडीकुंडी फार दिली न्हाईत, पर एक डालगं दिलं, वर फडकं बांधून, आत दोन तलंगी आणि एक कोंबडा, बुटक्या जातीचा. तलंग म्हंजी अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, हे तुमच्या नातीला समजावून लिवा. पाय एवढेएवढे, चालली की पोट भुईला घासतंय असं वाटावं. तुमी म्हनता तुमची नात तिकडं परदेशात असल्याच पाळती, बँटम म्हनत्यात त्यांना, आणि तिनं इचारलंय की ह्या अंडी कधी घालणार. लिवा मग, मी सांगते.

घाई करू नको म्हनावं. बुटक्या कोंबडीला सहा महिने लागत्यात, सात लागत्यात, मधी थंडी आली तर आठ बी. कोंबडा आधी वयात येतो, चार-पाच महिन्यांत आरवायला लागतो, पर कसा, गळ्यात काटा अडकल्यावानी. आरवला म्हणून त्याला लगेच कोंबड्यांत सोडायचा न्हाई. आई काय करायची, त्याच्यापुढं मूठभर कणी टाकायची आणि बघत उभी राहायची. सोताच खाल्ली, तर अजून पोर हाय. कणी चोचीत उचलून खाली टाकली, कुक कुक करून तलंगींना बोलावलं, की मग झाला कोंबडा. तलंगीचा तुरा लाल व्हतो, पाठीवर हात ठेवला की खाली बसती, आडोसे शोधत हिंडती. तरी पयली अंडी उबवायला ठेवायची न्हाईत, बारकी असत्यात, खाऊन टाकायची. महिनाभर घालू द्यावं, मग ती खुडूक होऊन बसली की तिच्याखाली ठेवावीत. असं करत म्या ती जात इतकी वर्षं राखली. मुंगसानं नेल्या, मानमोडीच्या रोगात गेल्या, पर दोन-तीन उरायच्या आणि परत वाढायच्या.

काय सांगू तुम्हाला, माझा त्यांच्यावर एवढा जीव का, ते आता सांगते. मी सोळाव्या वर्षी हितं आले. दोन वर्षं झाली, तीन झाली, पोर न्हाई. सासू दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आमच्या घरी वांझ आली बघा. पाचव्या वर्षी मालकांसाठी दुसरी बघायला लागली, माझ्या देखत, आणि मीच चहा करून दिला त्या पावण्यांना. चहा गोड झाला म्हनाले मुडदे. मालक बी त्यांच्यात बसून चहा प्याले. सातव्या वर्षी दत्ता झाला. सातव्या! मंग तीच सासू म्हनती, आमची सून लई गुणाची.

तर हा दत्ता. त्यानं आता शेड घातलीय, त्यात त्या कंपनीच्या कोंबड्या, पाच महिने व्हायच्या आत अंडी सुरू. त्याच्या डोक्यात तेच माप बसलं. माझ्या बुटक्यांची श्रावणातली पिल्लं, त्यातल्या पाच तलंगी आणि एक कोंबडा राहिला व्हता, मोठ्या कोंबड्या तर मानमोडीनं आधीच गेल्या व्हत्या, म्हंजी सगळी जात त्या सहांवर. माघ आला, अंडं न्हाई. दत्ता म्हनतो, आई, ह्या वांझ हायत, फुकट दाणे खात्यात. म्या म्हनलं, थंडी जाऊ दे, ह्यांचं असंच असतं. तर म्हनतो, मोबाईलवर तर पाच महिनेच लिवलंय. म्या म्हनलं, मोबाईलनं कधी कोंबडी पाळली व्हती?

मी भोरला मोतीबिंदू काढायला गेले, तीन दिवस. इकडं धरणाच्या पाण्याकडंला तंबूत पुण्याचे पावणे उतरलेले, त्यांना गावरान पायजे. दत्तानं तीन तलंगी कापल्या. मी डोळ्याला पट्टी लावून घरात आले तर खुराड्यात तिघंच. सुनेला म्हनलं, सुनंदा, बाकीच्या कुठं हायत? ती मग चुलीकडं तोंड करून म्हनाली, आत्या, म्या साफ केल्या, तिघींच्या पोटात अंड्यांचे घोस व्हते, बारीक-मोठे, आणि एकीत तर कवच धरलेलं अंडं, दुसऱ्या दिवशी घातलं असतं. आणि ते पिवळे घोस रश्श्यात सोडले, तर पावणे म्हनाले, वा, हे काय झकास लागतंय.

म्या दत्ताला अंगणात उभा केला. तो म्हनतो, कोंबड्यांसाठी एवढं कोन करतं व्हय, चार दुसऱ्या आणून देतो, मोबाईलवर मागवतो. म्या म्हनलं, मागव, आणि आई बी मिळती का बघ त्याच्यावर. तर म्हनतो, पोटात काय हाय ते मला काय दिसतंय? बाई, तिथं माझं डोकं फिरलं. म्या म्हनलं, माझ्या पोटात काय हाय ते तुझ्या आजीला बी दिसत नव्हतं रे! तिनं सात वर्षं वांझ म्हनलं, तू सहा महिन्यांत म्हनलास. मला बी कापली असती पाचव्या वर्षी, तर तू कुठं असतास आज, शेड घालायला? शेजारची माणसं दारात आली. येऊ देत.

दुसऱ्या दिवशी दत्ताला न सांगता खोक्याला भोकं पाडली, दोन तलंगी आणि कोंबडा आत घातला आणि मार्गासनीला भाचीकडं, शालनकडं खोकं पोचवलं. ती म्हनाली, आत्या, रडू नको, मी राखते. म्या म्हनलं, मी रडत न्हाई, पट्टीखालनं औषध गळतंय.

आता चैत सरला. परवा शालनचा फोन आला, दोघी अंड्यावर आल्या, त्यातली एक नऊ अंड्यांवर बसलीय. म्या सुनंदाच्या कानात सांगितलं, तिला तेवढं कळायला पायजे. दत्ता रोज इचारतो, आई, कुठं ठेवल्यास ग, पावणे मागत्यात. मी त्याला भाकरी वाढते, कालवण वाढते, पर बोलत न्हाई. शाप देववत न्हाई हो, पोटचा हाय. त्याला शंभर वर्षं औक्ष मिळू दे, शेडीला बरकत येऊ दे. माझी कोंबडी तेवढी मिळायची न्हाई त्याला.