म्हातारीची बाज

चहा घ्या, तोवर माझी फजिती सांगते. पुण्याहून शिकून मी गावी परतले, त्या वर्षी दुष्काळात आमच्या दूध सोसायटीनं चारा छावणी उघडली. उन्हामुळं आम्ही तहानलेली जनावरं दिवस मावळल्यावर हाकत निघालो. पुढं मी, कळपामागं मेंढपाळ धोंडूमामा.

माळावर वाट चुकली. छावणी उत्तरेला, एवढं ठाऊक होतं. मी ऐटीत ओरडले, “मामा, ध्रुव हलत नाही. तो बघा, किती स्थिर!”

बरंच चालल्यावर मामा पुढं आले. “पोरी, ती टॉवरची बत्ती हाय.”

एव्हाना एक गाय खाली बसली होती, उठेना. मला रडू फुटलं.

मामांनी काठी आभाळाकडं केली. “त्या चार चांदण्या म्हातारीची बाज. मागचे तीन चोर. चोरांपासून लांबचे बाजेचे दोन खूर धर, रेघ सरळ वढ. बारीक चांदणी दिसती का? त्योच ध्रुव.”

पुस्तकातले सप्तर्षी मला तेव्हा खरे भेटले. गायीला उठवलं, सगळी जनावरं छावणीच्या हौदावर पोचली.

चेअरमननी विचारलं, “वाट कुणी काढली?”

“आमच्या पोरीनं. ध्रुव बघून,” मामा म्हणाले.

टॉवरचं नाव त्यांनी आजवर काढलेलं नाही. ते मीच सांगत फिरते.