रोवलेला कान

सभेचे अध्यक्ष माननीय केशोरावजी, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते डॉक्टर बेहेरेसाहेब, व्यासपीठावरचे मान्यवर आणि गोंदियाच्या बंधुभगिनींनो,

आरंभीच एक गंभीर तक्रार. मला घातलेल्या हारात मुंगळे आहेत. दोघे कॉलरच्या आत पोचले. छप्पन साली मध्य प्रदेशातून आपण मुंबई राज्यात आलो, राज्य बदललं, पण माळी तोच! सरकारने लक्ष घालावं. असो.

डॉक्टरांची बदली नागपूरला झाली. त्यांच्याविषयी बोलायचं तर एका कानाविषयी बोलावं लागेल.

दरेकशाचे सुकराम शिंपी मोहफुलं वेचायला गेले आणि अस्वलानं त्यांचा डावा कान ओरबाडून नेला. ऐकू येत होतं. पण चष्मा अडकवायचा कशाला? दोरीनं बांधला, तर वाकताच तो मशीनवर. चष्म्याविना सुईत दोरा जाईना, गिऱ्हाइकं तुटली. कान गेला की शिंप्याचं पोट जातं, हे तुम्हाआम्हाला कधी सुचलं होतं का?

डॉक्टर म्हणाले, "बरगडीजवळचं मऊ हाड काढू, त्याचा कान कोरू."

"पाहा साहेब, छाती माप घेऊनच कापजा," सुकराम म्हणाले. शिंपीच तो!

कोरलेला कान कातडीखाली बसवला. काही महिन्यांनी तो उचलून डोक्यापासून सुटा करायचा होता. आता आपले डॉक्टर पुण्याचे. इथला भातलावणीचा एक शब्द, रोवणा, नुकताच शिकलेले. ऐटीत सुकरामच्या बायकोला, धुरपताबाईंना म्हणाले, "बाई, कान रोवलाय. धरला की उचलू."

दुसऱ्या सकाळी पाहतात तो पट्टी ओलीचिंब, आणि बाई लोटा घेऊन उभ्या!

"अहो, हे काय केलंत?"

"तुमीच तं मनले, रोवला मनून! रोवन्याले पानी काऊन नाई द्याचा? कोरड्यात मरन ना तो!"

खाटेवरून सुकराम ओरडले, "वो साहेब, हिले आवरा! चिखल करून राहिली डोस्क्यात!"

आम्ही दवाखान्यातली मंडळी हसलो. डॉक्टर हसले नाहीत. पाणी आत मुरून पू धरला असता तर कानही गेला असता आणि बरगडीही. पुढे प्रत्येक पट्टी त्यांनी स्वतःच्या हातानं बदलली, नर्सलासुद्धा हात लावू दिला नाही.

आणि मंडळी, कान धरला! काही महिन्यांनी उचलला, मागे खाच झाली, आणि डॉक्टरांनी स्वतः चष्मा चढवला. सगळा वॉर्ड माना उंचावून बघत होता.

"हालव ना मुंडी!" धुरपताबाई म्हणाल्या.

सुकरामनं हलवली. चष्मा थांबला! खाली वाकले. थांबला, मंडळी, थांबला! मग त्यांनी सुई मागितली आणि पहिल्याच झटक्यात दोरा आरपार! काय तो गलका! शेजारच्या खाटेवरचा हर्नियावाला टाके विसरून टाळ्या पिटत होता.

डॉक्टर, या गावाचे आभार स्वीकारा. माझ्या बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर अध्यक्षांनी खुशाल माझा कान धरावा. फक्त जपून, डॉक्टर उद्याच्या गाडीनं चालले.

आणि कान टिकणार नाही म्हणून कंपाउंडर मुन्नालालशी मी जी पैज मारून हरलो, तिची जिलेबी त्याच्या खुर्चीवर ठेवली आहे. मुन्नालाल, बसण्यापूर्वी बघ.