मानाच्या बैलाची कलेजी

तोमासी : सुरी बघ कशी करकरतेय! कलेजी आहे का दगड?

आपेनिसा : धार गेली असेल. शहरच्या कत्तलखान्यात मांस तपासायच्या नोकरीला लागून तुझा हात सरकारी झालाय.

तोमासी : थट्टा पुरे. वाक जरा. ही नळी दाबतो... दिसलं?

आपेनिसा : शी! पानं कसली बाहेर येताहेत?

तोमासी : पानं नाहीत, वळवळताहेत. चपटे जंत आहेत. अख्खी कलेजी पोखरलीय.

आपेनिसा : हळू बोल! मंडपात तुझे बाबा कावाच्या मुळीचं पाणी पीत बसलेत. बहीण गेल्याच्या शंभराव्या रात्रीच्या जेवणाला आले, आणि भाच्यानं किडका बैल कापला? मामांना तोंड कसं दाखवू?

तोमासी : मांसाला काही झालेलं नाही. कलेजी खोल पुरू, कुत्र्यांना मिळता कामा नये. जंताचं औषध पाजलं होतंस?

आपेनिसा : ह्याला? गळ्याखाली कसा भरला होता! येणारा-जाणारा म्हणायचा, काय चरबी चढलीय.

तोमासी : चरबी कसली डोंबलाची! अंगातलं रक्त आटलं की गळ्याखाली पाणी उतरतं. बांधत कुठं होतास?

आपेनिसा : रामऔतारच्या जुन्या भातखाचरात. तो जमीन सोडून गेला, पाणी मात्र तिथंच साचून राहिलं. बाकीची गुरं नारळीखाली वाळकं गवत चघळायची. हा आईच्या कार्यासाठी राखलेला. ह्याला कायम हिरवंगार.

तोमासी : तिथंच घात झाला. त्या पाण्यात बारक्या गोगलगायी असतात. जंताची पिल्लं त्यांच्या पोटात वाढतात, मग बाहेर पडून गवताला चिकटतात. बैल ते गवत खातो, तिथंच शेण टाकतो, की पुन्हा तेच चक्र. नारळीखाली हडकला असता, पण आतून धड राहिला असता.

आपेनिसा : म्हणजे लाड करून मीच वाट लावली.

तोमासी : मानाचा बैल आपल्याकडे सगळे पाण्याकाठीच बांधतात. बाबांनीही तेच केलं असतं. ते जाऊ दे. वसितीवहिनीनं सकाळी टोपलीभर पाणभाजी खुडून आणली, ती कुठली?

आपेनिसा : त्याच खाचरातली. का रे?

तोमासी : शिजवता ना?

आपेनिसा : छे, कच्चीच. नारळाच्या दुधात, वर लिंबू पिळून. तोमासी, हे माणसाला होतं?

तोमासी : होतं. क्वचित. जंताची पिल्लं गवताला चिकटतात तशीच त्या भाजीलाही चिकटतात. मग ताप येतो, उजव्या बरगडीखाली दुखतं.

आपेनिसा : आई उजव्या कुशीवर वळू शकत नव्हती रे.

तोमासी : आत्याचं वय झालं होतं. दुसरंही काही असेल.

आपेनिसा : डॉक्टर म्हणाले, यकृताला सूज आहे. तिला दुसरं काही जाईना. पाणभाजी तेवढी मागायची. मी रोज ताजी खुडून भरवायचो.

तोमासी : आपेनिसा, हे नक्की कुणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही.

आपेनिसा : आणि मला वाटायचं, चार घास जाताहेत, बरी होईल.

(मंडपाकडून वसितीची हाक.)

वसिती : आपेनिसा, मामांना भाजी फार आवडलीय. वाटी संपवली, अजून मागताहेत. वाढू?

तोमासी : थांब, मी जाऊन काहीतरी थाप मारतो.

आपेनिसा : नको. वसिती, वाढू नकोस! सगळ्यांच्या पुढची भाजी उचल. मामांना म्हणावं, हात धुऊन येतो, त्यांच्या बहिणीबद्दल बोलायचंय.